स्मारकावरचे आमचे आजोबा

आमचे आजोबा दोनदा वारले. पहिल्यांदा तिसाव्या वर्षी, राष्ट्रीय उद्यानातल्या टेकडीवर, वणव्याशी झुंजताना. त्याचा दगड आहे, दगडावर नाव आहे, नावाआधी 'हुतात्मा' आहे. दुसऱ्यांदा एकाहत्तराव्या वर्षी, घरी, खोकल्याने. त्याचं कुठे काही नाही. मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि मला शाळेला तीन दिवस सुट्टी मिळाली, एवढीच काय ती नोंद.

मधली एक्केचाळीस वर्षं आजोबांनी घड्याळं दुरुस्त केली, चहा गार झाला म्हणून आजीवर खेकसले आणि आपल्या पश्चात एका मुलीचे वडील झाले. ती मुलगी म्हणजे आमची आत्या; आमचे बाबा वणव्याआधी जन्मलेले, पण ते आता नाहीत. बाप हुतात्मा झाल्यानंतर दोन वर्षांनी जन्मलेली. वनखात्याच्या कागदांवर विश्वास ठेवायचा तर आत्या हा एक चमत्कारच आहे, आणि आत्याचंही स्वतःबद्दल साधारण तेच मत आहे.

घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आजोबा वनखात्यात वणव्याचे पहारेकरी. टेकडीवर लाकडी मनोरा, मनोऱ्यात घंटा. धूर दिसला की घंटा बडवायची, म्हणजे पायथ्याच्या वस्त्यांनी चंबूगबाळं आवरून नदीपलीकडे पळायचं. नऊ पहारेकरी, पाळ्या ठरलेल्या. त्या दुपारी घंटेवर पाळी आजोबांची. पण आजोबांची दाढ अशी ठणकत होती की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. ते हळूच टेकडी उतरले आणि बाजारात दातही उपटून देणाऱ्या न्हाव्यापुढे आ वासून बसले. नेमका तेव्हाच वणवा भडकला. टेकडी चारी बाजूंनी वेढली गेली. वस्त्या वाचल्या, वरचं कोणी वाचलं नाही. वणव्याने मोजण्यासारखं फारसं काही मागे ठेवलं नव्हतं, म्हणून खात्याने हजेरीपट उघडला आणि तो मोजला. नऊ.

दोन दिवसांनी आजोबा नदीपलीकडून परतले आणि सुजलेला गाल धरून कचेरीत गेले, तर दारावर यादी चिकटवलेली. सहावं नाव त्यांचं. पाळी सोडून जाणाऱ्याला तुरुंग होता आणि मेलेल्याला सन्मान. आजोबांनी यादी दोनदा वाचली आणि घरी आले. आजी रडत होती. तिने त्यांना दारात पाहिलं, उठली, त्याच सुजलेल्या गालावर एक सणसणीत ठेवून दिली आणि पुन्हा रडायला बसली. या वेळी मनापासून.

मग त्यांनी गाव बदललं. स्मारकाच्या उद्घाटनाला खात्याची जीप आजीला घ्यायला आली तेव्हा हुतात्मा मागच्या खोलीत भिंतीचं घड्याळ उघडून बसले होते. आजी जाऊन पदक घेऊन आली आणि हुतात्म्याला जेवायला वाढलं. पुढे दर वर्षी जीप यायला लागली, तेव्हा आजीने खात्याला कळवून टाकलं की मी दुसरं लग्न केलं आहे, आता येऊ नका. कोणाशी केलं, हे खात्याने विचारलं नाही. आजीनेही सांगितलं नाही.

ही गोष्ट आम्ही इतक्यांदा सांगितली, इतक्यांदा हसलो, की तिच्यात आठ माणसं खरोखरच मेली होती हे कधी मनात आलंच नाही. दाढ मात्र लक्षात राहिली. मी स्वतः दातांच्या कवळ्या बनवते. दंतवैद्य तोंडाचे साचे पाठवतात, मी मेण लावते, एकेक दात बसवते, घासते, चकाकी आणते. अनोळखी लोकांच्या हिरड्यांशी माझा जितका परिचय आहे तितका शेजाऱ्यांशी नाही. आजोबांना चांगला दंतवैद्य मिळाला असता तर इतिहास वेगळा घडला असता, असं मी पाहुण्यांना सांगत असे. पाहुणे हसत.

हे सगळं असंच हसण्यावारी राहिलं असतं. पण माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, इतिहासाने झपाटलं.

दादा विमा विकतो. पन्नाशी उलटल्यावर माणसाला काहीतरी होतंच. कोणाला रक्तदाब, दादाला ऐतिहासिक स्थळं. दर सुट्टीला तो वहिनीला गाडीत घालून कुठल्यातरी राष्ट्रीय उद्यानात, युद्धभूमीवर, नाहीतर पडक्या तुरुंगात घेऊन जायचा. त्याच्याकडे एक हिरवी वही होती. प्रत्येक स्थळाच्या माहिती केंद्रात एक रबरी शिक्का असतो, तो वहीत मारून घ्यायचा. सत्तेचाळीस शिक्के झाले होते. तोफेवर हात ठेवलेले सत्तेचाळीस फोटोही होते. जिथे तोफ नव्हती तिथे कचरापेटीवर हात होता. वहिनीला इतिहासातलं विचाराल तर कुठल्या स्थळाचं स्वच्छतागृह बरं आहे, हे ती डोळे मिटून सांगेल.

अठ्ठेचाळिसावा शिक्का मारायला दादा त्या वणव्याच्या उद्यानात गेला. तिथे माहिती केंद्राच्या भिंतीवर, माणसापेक्षा उंच अक्षरांत, त्याला आजोबा भेटले.

त्याने मला तिथूनच फोन लावला. मी एका वरच्या कवळीचे सुळे बसवत होते.

"अगं, आजोबा!" तो म्हणाला. "आजोबांवर अख्खी भिंत आहे. बाकीच्या आठांना मिळून एक भिंत आणि आजोबांना स्वतंत्र!"

"का बरं? सर्वांत जास्त जगले म्हणून?"

"थट्टा करू नकोस. ऐक, वाचून दाखवतो. 'ज्वाळांनी वेढले असतानाही घंटा अखेरपर्यंत वाजत राहिली. त्या दुपारी घंटेवर पाळी होती या वीराची. त्यांच्यामुळे चारशे जीव वाचले.' चारशे!"

"दादा, आजोबा न्हाव्याकडे होते."

"ते आपल्याला माहीत आहे," दादा म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण इथे लिहिलंय."

वणव्याला पंचाहत्तर वर्षं व्हायची होती. खातं मोठा कार्यक्रम करणार होतं आणि हुतात्म्यांच्या वंशजांनी नोंदणी करावी, असा फलक तिथेच लावला होता. दादाने उभ्या उभ्या अर्ज भरला. त्यात एक अडचण होती. हुतात्म्याची मुलगी हुतात्म्याच्या हयातीत जन्मलेली असणं खात्याला अपेक्षित होतं. दादाने आत्याचं वय पाच वर्षांनी वाढवलं. विमा विकणाऱ्याला वयाचं काय एवढं!

महिन्याभरात जाड कागदावर निमंत्रण आलं. वंशजांना पहिल्या रांगेत जागा. संचालकांच्या हस्ते मानपत्र. आणि हुतात्म्याच्या कन्येने, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, स्मारकावरच्या नव्या घंटेचा पहिला टोल द्यावा ही विनंती.

आम्ही आत्याकडे गेलो. आत्या एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याचे कठडे धरत शिव्या देत चढते पण घर बदलत नाही. तिने चष्मा लावून निमंत्रण वाचलं. मला वाटलं होतं ती हसेल आणि कागद तोंडावर फेकेल.

"अठ्ठ्याहत्तर?" ती म्हणाली. "हे कोणी लिहिलं?"

"आत्या, ते नुसतं तांत्रिक आहे," दादा म्हणाला.

"तुझ्या बायकोला लाव अठ्ठ्याहत्तर. तांत्रिक."

वहिनीने चहाच्या कपात तोंड लपवलं.

"तुला काही बोलायचं नाहीये," दादा समजावू लागला. "जायचं, दोर ओढायचा, एक टोल द्यायचा, मानपत्र घ्यायचं, खाली यायचं. कोणाचं काय जातंय? खात्याला हुतात्मा मिळतो, आपल्याला मान मिळतो. आजोबांनाही बरंच वाटलं असतं."

आत्याने निमंत्रण परत एकदा वाचलं. घंटेपाशी तिचं बोट थांबलेलं मला दिसलं. मला वाटलं, तिचा चष्मा बदलायला झालाय.

"येते," ती म्हणाली.

जिना उतरताना मी तिला मागे वळून विचारलं, "आत्या, तू खरंच खोटं बोलणार?"

"मी काय बोलणार ते मी बघेन. तू माझ्यासाठी गाडीत उशी घे. त्याची गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा आहे."

कार्यक्रमाला आम्ही चार तास आधी पोचलो, कारण दादाला पहिली रांग म्हणजे रांगेतली पहिली खुर्ची वाटत होती. माहिती केंद्रात गुळगुळीत फरशी, काचेखाली वितळलेल्या किटल्या, एका बाजूला वीरांची चित्रं असलेले पाण्याचे पेले विकायला. आजोबांचा पेला सर्वांत पुढे. चित्रातल्या माणसाचा जबडा चौकोनी होता, नजर क्षितिजावर. आमच्या आजोबांना हनुवटी जवळजवळ नव्हतीच आणि त्यांची नजर आयुष्यभर घड्याळाच्या दातेरी चाकांवर होती. दादाने सहा पेले घेतले.

तिथे आम्हाला कार्यक्रमाची सूत्रसंचालिका भेटली. उद्यानाची इतिहास सांगणारी मुलगी. रुंद काठाची टोपी, खाकी गणवेश, खिशाला तीन पेनं. तिचं नाव छातीवर होतं, पण वहिनीने तिला लगेच टोपीवाली करून टाकलं आणि आमच्या घरात ती टोपीवालीच राहिली. ती दर रविवारी अकरा वाजता टेकडीवर वणव्याची गोष्ट सांगायची. म्हणजे तिने आमच्या आजोबांना कमीत कमी दोनशे वेळा मारलं होतं.

"आजी, तुमच्या बाबांची गोष्ट सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो," तिने आत्याचा हात हातात घेतला.

"येत असेल," आत्या म्हणाली आणि हात सोडवून पर्स नीट धरली.

टेकडीवर मंडप होता. बाजूला तो काळा दगड, नऊ नावं. मनोऱ्याचे फक्त चार दगडी पाये उरले होते. त्यांच्यामध्ये लाकडी चौकट उभारून नवी पितळी घंटा टांगली होती. आधी वाद्यवृंद झाला. मग संचालकांचं भाषण झालं. संचालक हा गृहस्थ असा बोलत होता की वणवा त्यानेच स्वतः विझवला असावा. त्याग हा शब्द मी बावीस वेळा मोजला आणि मग सोडून दिलं. माझ्या शेजारी दुसऱ्या एका हुतात्म्याचा नातू बसला होता, लोहार. जाड बोटं गुडघ्यावर ठेवून तो मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या आजोबांबद्दल भाषणात एक अर्धं वाक्य आलं, तेव्हा त्याने पटकन वर पाहिलं. तोवर वाक्य संपलं होतं.

मला तिथे पहिल्यांदा लाजल्यासारखं झालं. त्याचे आजोबा खरे मेले होते.

टोपीवालीने आत्याला घंटेपाशी नेलं आणि तिच्यापुढे ध्वनिक्षेपक धरला.

"आपल्यात आज आहेत त्या वीराच्या कन्या, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर…"

"त्र्याहत्तर," आत्या म्हणाली.

लोक प्रेमाने हसले. टोपीवालीही हसली. "आजी, बाबा गेले तेव्हा तुम्ही अगदी लहान होतात. त्यांची एखादी आठवण?"

"लहान कुठली? एकोणचाळीस वर्षांची होते."

पुन्हा हशा, पण या वेळी थोडा विरळ. दादा अर्धवट उभा राहून म्हणाला, "वयोमानानुसार जरा…"

"वयोमानानुसार काय रे?" आत्याने थेट ध्वनिक्षेपकात विचारलं, त्यामुळे ते खालच्या वाहनतळापर्यंत ऐकू गेलं. "हा माझा भाचा. माझं वय यानेच वाढवलं. खाली बस."

दादा बसला. वहिनी डोळ्यांची पापणी न हलवता समोर बघत राहिली. सत्तेचाळीस स्थळांत तिला एवढा इतिहास कधी मिळाला नव्हता.

"माझा बाप इथे मेला नाही," आत्या म्हणाली. "त्याची दाढ दुखत होती. तो खाली न्हाव्याकडे गेला होता. मग तो एकाहत्तर वर्षांचा होऊन आमच्या घरी मेला. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. हसून सांगतो आम्ही. पण तुम्ही मला घंटा वाजवायला बोलावलंत, म्हणून आता पुढचं ऐका. ते यांनाही माहीत नाही."

'यांनाही' म्हणताना तिने आमच्याकडे पाहिलं.

"इथे रोज पाणी घेऊन एक माणूस यायचा. खेचरावर पखाली लादून. रोजंदारीवरचा, तुमच्या हजेरीपटावर नसलेला. चढताना शिट्टी वाजवायचा म्हणून त्याला शिट्ट्या म्हणत. खरं नाव बापालाही ठाऊक नव्हतं, कधी विचारलंच नाही म्हणाला. त्या दुपारी बाप त्याला म्हणाला, तासाभरात येतो, तेवढं बस इथे. आणि दोर त्याच्या हातात दिला."

टोपीवालीचा हात ध्वनिक्षेपकासकट खाली येत होता. आत्याने तो धरून पुन्हा वर केला.

"खाली न्हाव्याने बापाच्या तोंडात पक्कड घातली होती आणि वर घंटा सुरू झाली. बापाला वाटलं, चार टोल देईल आणि पळेल. त्याला कोणी अडवलं होतं? ना त्याला गणवेश, ना त्याने कुठे सही केलेली. खेचर होतं, उतरणीची वाट माहीत होती. पण घंटा थांबेना. न्हावी दुकान टाकून पळाला. बाप लोकांबरोबर नदीपलीकडे गेला. सगळे काठावर उभे राहून ऐकत होते. बाप म्हणायचा, ज्यांना ऐकून जीव वाचला तेही म्हणत होते, आता थांब रे बाबा, आता उतर. बऱ्याच वेळाने थांबली. दाढ मग बापाने तिथेच नदीकाठी स्वतःच्या हाताने उपटली. मरायच्या आधी महिनाभर मला हे रोज सांगायचा. रोज. जसं काही काल सांगितलंच नव्हतं."

मी माझ्या हातांकडे बघत होते. पंचवीस वर्षं मी पाहुण्यांना ती दाढ सांगून हसवलं होतं.

"तेव्हा ही घंटा मी वाजवायची नाही," आत्या म्हणाली. "माझ्या घरातल्या कोणीच नाही."

आणि ती पर्स सावरत पायऱ्या उतरली. मंडपात एवढी शांतता पसरली, की वाद्यवृंदाच्या प्रमुखाला वाटलं कार्यक्रम संपला. त्याने काठी उचलली आणि विजयगीत सुरू झालं.

त्यानंतर जे झालं त्याला खात्याच्या भाषेत 'परिस्थिती हाताळणे' म्हणतात. संचालकांनी आम्हाला मंडपामागच्या खोलीत बसवलं, बिस्किटं दिली आणि आत्याला समजावलं की तिला भावनेच्या भरात गैरसमज झाला आहे.

"बाप केव्हा मेला याबद्दल माझा गैरसमज?" आत्याने विचारलं.

"बाई, स्मारकाची प्रतिष्ठा असते. शिवाय हा जो कोणी तुमचा… शिट्ट्या. त्याचा काही पुरावा? नेमणुकीचा कागद, वारस, मृत्यूचा दाखला?"

"माझ्या बापाचा मृत्यूचा दाखला होता ना तुमच्याकडे? मग दाखल्याचं काय कौतुक सांगता!"

यावर संचालकांनी स्वतःच एक बिस्कीट खाल्लं.

बाहेर आलो तर लोहार उभा होता. मला वाटलं, आता हा काहीतरी कडक बोलणार आणि ते योग्यच असेल. तो आत्याला म्हणाला, "त्या शिट्टीबद्दल माझ्या आजीनेही ऐकलं होतं. ती म्हणायची, शिट्टी आली की आजोबा पेला शोधायला लागायचे." एवढंच बोलून तो गेला. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिथे, एवढ्या वेळात पहिल्यांदा.

परतीच्या वाटेवर शंभरेक किलोमीटर गेल्यावर दादाने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "मला सांगायचं होतंस, आत्या. मी अर्जच भरला नसता."

"म्हणूनच नाही सांगितलं," आत्या म्हणाली. "मग मला कोणी तिथे बोलू दिलं असतं?"

चार महिन्यांनी खात्याचं पत्र आलं. सखोल पडताळणीअंती असं निष्पन्न झालं होतं की सहाव्या क्रमांकाची व्यक्ती घटनेसमयी मृत नव्हती. सबब तिचं नाव वगळण्यात येत आहे. पदक परत करावं. शिट्ट्याबद्दल पत्रात अक्षर नव्हतं. दादाने पदक परत केलं, पोच मागितली, आणि दोन आठवड्यांनी न राहवून, शिक्क्याची वही न घेता, एकटाच तिकडे जाऊन आला. त्याने काढून आणलेला फोटो आम्ही पाहिला. दगडावरचं सहावं नाव सिमेंटने बुजवलेलं. केंद्रातल्या भिंतीवर 'नऊ'चं 'आठ' केलेलं. आजोबांचं चित्र गेलं होतं, पण त्याखालचं वाक्य त्यांना फार आवडलं असावं, ते ठेवलं होतं: 'घंटा अखेरपर्यंत वाजत राहिली.'

"आता ती आपोआप वाजते," वहिनी म्हणाली.

दादाला हसू आलं नाही. "जो जगला त्याला काढलं," तो म्हणाला, "आणि जो मेला त्याला घातलंच नाही. ही काय दुरुस्ती झाली?" तेवीस वर्षं लोकांना कलमांच्या बारीक अक्षरांत अडकवणारा माझा भाऊ, पण त्या दिवशी तो खरोखर चिडला होता आणि मला तो बऱ्याच वर्षांनी आवडला.

पुढच्या वसंतात आत्या म्हणाली, मला पुन्हा तिथे जायचंय. या वेळी निमंत्रण नव्हतं. आम्ही तिकिटं काढली आणि रविवारी अकरा वाजता टेकडीवर इतर पन्नाससाठ लोकांत उभे राहिलो. टोपीवालीने आम्हाला पाहिलं, ओळख दाखवली नाही, आणि गोष्ट सुरू केली. मनोरा, पहारेकरी, वणवा. मग तिने पखाली लादलेलं खेचर चढावर आणलं. शिट्टी आणली. दाढही आणली, न्हावीही आणला. सगळं आत्याच्याच शब्दांत, अगदी 'आता थांब रे बाबा'सकट. तिच्या तोंडून ते ऐकताना एक बाई तोंडावर हात धरून उभी होती.

"त्याचं नाव दगडावर कुठे आहे?" एका चष्मेवाल्याने विचारलं.

"नाही," टोपीवाली म्हणाली.

"का नाही?"

"मला त्यावर मत देण्याची परवानगी नाही. फक्त एवढं सांगते की केंद्रात दाराजवळ सूचनावही आहे. नियमाप्रमाणे प्रत्येक लेखी सूचनेला संचालकांना तीस दिवसांत सहीनिशी उत्तर द्यावं लागतं. प्रत्येकाला वेगळं." मग तिने टोपी नीट केली आणि खिशातली तीनही पेनं काढून पुढे धरली.

खाली गेलो तर वहीपुढे रांग. आत्याने मागची पानं चाळली. आधीच्या सगळ्या रविवारांच्या सूचना होत्या, पानंच्या पानं, एकसारख्या. मध्येच एक वेगळी होती: स्वच्छतागृहात साबण ठेवावा.

संचालकांनी वर्षभर सह्या केल्या. मग बहुधा त्यांचं मनगट शरण गेलं. एक दिवस टोपीवालीचा दादाला फोन आला, आणि आम्ही चौघं तिसऱ्यांदा ती टेकडी चढलो. दगडाला हात लावलेला नव्हता. दगड बदलायला वेगळी समिती लागते. पण जिथे घंटा होती, त्या चौकटीच्या पायाशी तळहाताएवढी पितळी पाटी ठोकली होती. आत्याने वाकून, दादाचा खांदा धरून ती वाचली.

'येथे कर्तव्यावर नसूनही उपस्थित असलेल्या एका पाणीवाहकाच्या (उर्फ शिट्ट्या) स्मरणार्थ.'

"वाहक?" ती म्हणाली. "कंडक्टर होता का तो?"

"आत्या, निदान लावली तरी," दादा म्हणाला.

"आणि नसूनही उपस्थित म्हणजे काय? आगंतुक होता का? हा मेला संचालक, याला एक वाक्य सरळ लिहिता येत नाही." ती बराच वेळ बडबडत राहिली. मग पाटीवर बोट फिरवू लागली, अक्षरावरून अक्षरावर, 'उर्फ'पाशी येऊन थांबली.

मी फोन काढला. "उभी राहा तिथे, फोटो काढते."

"मला नको त्यात," ती बाजूला सरकत म्हणाली. "त्याच्या एकट्याचा काढ."

मी काढला. उन्हाने पाटी चकाकत होती, अक्षरं नीट उमटेनात, म्हणून वहिनीने तिच्यावर पदराची सावली धरली आणि मी आणखी दोन काढले.